‘निवांत झोपा’: पुरातली एक चूक आणि तिच्यानंतरचे आठ दिवस

हे प्रकरण सांगलीतलं आहे. वाहिनी, निवेदक आणि वस्ती यांची नावं मी देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. त्या स्थानिक केबल वाहिनीत मी वृत्तसंपादक होतो. चुकीचं वाक्य निवेदक बोलला, पण ते थांबवण्याचं बटण माझ्या हाताशी होतं. म्हणून हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही.

पार्श्वभूमी

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला किती?” १९२९ सालचा हा कृष्णेवरचा पूल म्हणजे शहराची फूटपट्टी. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. ४० च्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या भागांत पाणी शिरायला लागतं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं. “आता यापेक्षा जास्त काय येणार” असं म्हणत लोकांनी घरं पुन्हा रंगवली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही वर चढलं.

आमचा निवेदक २०१९ च्या त्या पुरात घडला. त्याआधी तो वाढदिवसाच्या शुभेच्छा, नळाला पाणी न येण्याच्या सूचना आणि निधनवार्ता वाचायचा. पुराच्या आठवड्यात वीज जाऊन-येऊन होती, शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. आम्ही उंचावरच्या एका खोलीतून फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू ठेवलं. कुठल्या गच्चीवर किती माणसं अडकली आहेत, कुठं गरोदर बाई आहे, कुणाचं इन्शुलिन संपलंय, हे तो वाचत बसायचा. फोनवर आवाज तुटायचा, मागं पाऊस असायचा. तो प्रत्येकाला म्हणायचा, “कळलं नाही, पुन्हा सांगा.” पत्ता दोनदा वाचायचा, चुकला तर लगेच दुरुस्त करायचा. बोटीवाली पोरं तो पत्ता ऐकून निघायची. त्या आठवड्यात त्याची काहीही हुशारी दिसली नाही. दिसलं ते फक्त त्याचं ऐकणं, आणि लोकांनी त्याच्यावर जीव लावला तो त्यामुळंच.

पाणी ओसरल्यावर सत्कार सुरू झाले. मंडळांच्या आरत्या, दुकानांची उद्घाटनं, हळदीकुंकवाचे कार्यक्रम. ६ जानेवारी २०२० च्या पत्रकार दिनाला त्याला इतक्या ठिकाणी शाल-श्रीफळ मिळालं, की दुपारी तो बातमीपत्राची तयारी करायला आलाच नाही. आम्ही सगळ्यांनी ते कौतुकानं घेतलं. मग कोविड आला. रोजची रुग्णसंख्या, कुठं खाट आहे, कुठं ऑक्सिजन आहे, हेही लोक त्याच्याच तोंडून ऐकायचे. चौकाचौकांत त्याचे फोटो असलेले फ्लेक्स लागले.

मोठ्या शहरातला प्रसिद्ध माणूस लोकांपासून लांब राहतो. सांगलीत तसं नसतं. तो मंडईत भाजी घ्यायचा, भडंगाच्या दुकानात उभा राहायचा. त्यामुळं तो जमिनीवरच आहे असं आम्हाला वाटत राहिलं. पण जो भेटेल त्याची कसली तरी बातमी लागायची असते, कुणाच्या मंडळाचा कार्यक्रम दाखवायचा असतो. असा माणूस तोंडावर “तुमचं काल चुकलं” असं म्हणत नाही. दिवसभरात शंभर माणसं भेटत असूनही त्याला खरं सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

या भागाला दुसऱ्या प्रकारची सवय होती, हेही सांगायला हवं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून आहे. आमच्या लहानपणी त्यावरचे आवाज घरातल्या माणसांसारखे ओळखीचे होते, पण त्यांचे चेहरे आम्हाला माहीत नव्हते. आवाज निवेदकाचा आणि मजकूर केंद्राचा, अशी ती विभागणी होती. आमच्या वाहिनीत ती पुसली गेली, आणि आमच्यापैकी कुणी ती पुन्हा आखली नाही.

बदल बारीक बारीक होत गेले. आधी तो सहा वाजता येऊन मजकूर मोठ्यानं वाचून बघायचा, ते बंद झालं. एखाद्या गावाच्या नावाचा उच्चार कॅमेरामनला विचारायचा, तेही थांबलं. “कळलं नाही, पुन्हा सांगा”च्या जागी “हां हां, मला माहिताय” आलं. मला ते ऐकू येत होतं.

२२ जुलै २०२१

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. घाटमाथ्यावर तुफान पाऊस सुरू होता. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. २२ च्या रात्री साडेआठला आम्ही ‘पूर विशेष’ घेतलं, प्रेक्षकांचे फोन घेत.

निवेदकानं कोयनेच्या विसर्गाचा आकडा वाचला. तो बरोबर होता. मग कागद बाजूला ठेवून तो स्वतःचं सांगू लागला: कोयनेतून अजून फार पाणी सोडलेलं नाही, सोडलं तरी ते इथं यायला वेळ लागतो, २०१९ ची परिस्थिती वेगळी होती.

यात मोठी चूक होती. कृष्णेला पूर फक्त धरणाच्या दारांतून येत नाही. धरणांच्या खालच्या भागात, ज्याला मुक्त पाणलोट म्हणतात, पडणारा पाऊस कुणी अडवत नाही आणि त्याचा विसर्ग कुणी जाहीर करत नाही. शिवाय सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. ती भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी तुंबतं आणि मागं फुगतं. त्या वर्षी घात केला तो बहुतांशी या मुक्त पाणलोटातल्या पावसानं.

नऊच्या सुमारास नाल्याकाठच्या वस्तीतून एका बाईंचा फोन आला. वय साठीच्या पुढचं असावं.

“दादा, आमच्या नाल्याचं पाणी उलटं फिरलंय. नदीकडनं आत येतंय. आयर्विनचा आकडा बघत बसू नका, सगळ्यांना उठायला सांगा.”

तो हसला. “मावशी, घाबरू नका आणि लोकांना घाबरवू नका. २०१९ चा अख्खा पूर मी इथं बसून काढलाय. पावसाचं पाणी आहे ते, तुंबलंय. आज रात्री निवांत झोपा.”

“अहो, ऐका तरी, पानं बघा कुठल्या बाजूला चाललीत...”

त्यानं खूण केली आणि फोन कापला गेला. त्याच वेळी त्याच्या चेहऱ्याखालच्या पट्टीवर आमचीच ओळ सरकत होती: नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.

मी नियंत्रण कक्षात होतो. त्याच्या कानात बोलायला टॉकबॅक होता. मी बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. कार्यक्रम रंगात आला होता, मधे बोललेलं त्याला आवडायचं नाही, आणि माझ्या मनात आलं की त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

आमचा कार्यक्रम रात्री अकराला आणि सकाळी सातला पुन्हा लागायचा. तो आपोआप लागला. २३ च्या सकाळी सात वाजता, नाल्याकाठच्या गल्लीत पाणी आलेलं असताना, शहरातल्या टीव्हींवर आणि मोबाइलवर तो पुन्हा सांगत होता, निवांत झोपा.

दुपारपर्यंत पाणी घरांत होतं. पुढं आयर्विनला ते ५४ फुटांच्या वर गेलं. त्या वस्तीत माणूस कुणी दगावलं नाही, पण हाताशी होती ती सकाळ वाया गेली. मावशींनी रात्रीच सुनेला उठवून माणसं बाहेर काढली होती. सामान सकाळी न्यायचं ठरलं होतं, ते राहिलं. सुनेचं शिलाई-पिकोचं मशीन, वर्षाचे गहू, नातीच्या शाळेचे दाखले, सगळं पाण्यात गेलं. शेजारचे दोघेजण सकाळचा कार्यक्रम बघून “दादा म्हणालाय” असं म्हणत थांबले होते. त्यांना गळ्याएवढ्या पाण्यातून काढावं लागलं.

अडचण नेमकी कोणती

पाणी ओसरायच्या आतच ती चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. मालकांच्या दृष्टीनं अडचण होती नावाची. निवेदकाच्या दृष्टीनं अडचण ही होती की “एका वाक्यावरून” त्याच्या दोन वर्षांच्या कामावर पाणी पडत होतं. माझी अडचण मला उशिरा कळली. ज्या एका बाईला त्या रात्री खरी माहिती होती, तिच्याकडून ती घेण्याची सवयच आमच्याकडं उरली नव्हती. अंदाज चुकणं एकवेळ समजू शकतो. नदीचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. पण तिचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं, तर अंदाज बांधायची गरजच पडली नसती.

समोरचे पर्याय

२८ जुलैला आम्ही चौघं बसलो: मालक, निवेदक, कॅमेरामन आणि मी.

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. लोक चिखल काढण्यात गुंतलेत, पंधरा दिवसांत विसरतील. मालकांचं हे म्हणणं अगदीच चूक नव्हतं; विसरले असतेही बरेच.

दुसरा खुलाशाचा. “आम्ही अधिकृत आकडेच प्रसारित केले.” अक्षरशः बघितलं तर आकडा खरा होता. मला हा सगळ्यांत धोकादायक वाटला, कारण त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं आणि तरीही ते सगळं खोटं होतं.

तिसरा मदतवाटपाचा. निवेदकानं स्वतः त्या वस्तीत जाऊन धान्याचे किट वाटायचे, ते दाखवायचं. मालकांना हा फार आवडला. मलाही आवडला, हे मी लपवत नाही. मदत खरोखर लागत होती आणि चेहराही सावरला जाणार होता.

चौथा पर्याय मी मांडला, पण दबक्या आवाजात: त्याच वेळेला, त्याच खुर्चीत बसून चूक कबूल करायची.

निवेदकानं तो लगेच खोडला. त्याचा मुद्दा मात्र वजनदार होता. “सर, पुढच्या पुरात मी ‘बाहेर पडा’ म्हणालो आणि लोक म्हणाले, हा तर मागच्या वेळी चुकलाच होता, तर? माणसं मरतील.” यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तिसरा पर्याय ठरला.

काय केलं

दुसऱ्या दिवशी आम्ही किट घेऊन गेलो. गल्लीत गुडघाभर गाळ होता. मावशी रांगेत होत्या. त्याच त्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. किट हातात घेऊन त्या म्हणाल्या, “किट घेते दादा, गरज हाय. पण त्या दिवशी फोन का कापलासा?”

तो काहीच बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं, वाटपाच्या कार्यक्रमासाठीचं हसू तसंच राहिलं. कॅमेरामननं कुणी न सांगता कॅमेरा खाली घेतला. या सगळ्या प्रकरणात वेळेवर घेतलेला बरोबर निर्णय तेवढा एकच, आणि तो आमच्यातल्या सगळ्यांत कमी पगाराच्या माणसानं घेतला. ते चित्रीकरण आम्ही दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी निवेदक कामावर आला नाही. तो मोटारसायकलवरून एकटा पुन्हा तिकडं गेला होता. तिथं काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. मावशींनी त्याला बस म्हटलं नाही. सुनेनं तर दारच लावून घेतलं. तो गाळ उपसणाऱ्या पोरांबरोबर तासभर खोरं मारत राहिला. मग मावशींनी त्याला नाल्यापाशी नेलं आणि दाखवलं: नेहमी पानं, प्लॅस्टिक नदीकडं वाहतं, ते थांबलं की समजायचं नदी नाल्याच्या तोंडाला आली, उलटं यायला लागलं की दिवसभराचा सुद्धा वेळ नाही. “हे मी तुला फोनवरच सांगत होते,” त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.

सकाळी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, “सर, चौथं करू या.”

मग मजकूर लिहिताना झटापट झाली. मालकांच्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं, “आमच्या प्रसारणामुळं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...” ते मी खोडलं. भावना दुखावल्या नव्हत्या, गहू भिजले होते. “तांत्रिक कारणानं फोन खंडित झाला” हे निवेदकानं स्वतः खोडलं. ३० जुलैला रात्री साडेआठला त्यानं हे वाचलं:

“२२ जुलैला याच वेळी मी ‘आज रात्री निवांत झोपा’ असं म्हणालो. कुठल्याही खात्यानं तसं सांगितलं नव्हतं, मी माझ्या मनानं सांगितलं. नाल्याकाठच्या एका मावशींनी पाणी उलटं फिरल्याचं फोनवर सांगितलं. ते खरं होतं. मी त्यांचा फोन कापला. माझ्या बोलण्यावर विसंबून जे थांबले त्यांचं नुकसान झालं, त्यांची मी माफी मागतो. पाणी किती वाढेल हे यापुढं मी सांगणार नाही. ज्यांचं ते काम आहे त्यांचा आकडा वाचून दाखवीन, आणि काठावरून फोन आला तर तो पुरता ऐकीन.”

मागं संगीत नव्हतं, हात जोडणं नव्हतं. रात्री अकराला आणि सकाळी सातला ते पुन्हा लागलं. चूक तीन वेळा गेली होती, म्हणून दुरुस्तीही तीन वेळा.

पुढच्या महिन्याभरात कामाची पद्धत बदलली. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ, राजापूर अशा क्रमानं पातळ्यांचा तक्ता येतो; तो पूर्ण वाचायचा, एकट्या कोयनेवर थांबायचं नाही. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या भिलवडीचं पाणी वाढतंय की थांबलंय, यावरून सांगलीकर आपापलं समजून घेतात. काठावर राहणाऱ्या माणसांची एक वही केली: नावाडी, दूधवाले, स्मशानभूमीकडचा कामगार. पूरकाळात पुनःप्रसारण आपोआप लावणं बंद केलं. आणि निवेदक पुन्हा सहाला येऊन मजकूर मोठ्यानं वाचायला लागला, कॅमेरामनसमोर.

परिणाम

सगळं छान झालं असं नाही. काही दिवस आमच्या फेसबुक पानावर टिंगल चालली. ‘निवांत झोपा’ हे त्याला चिकटलं ते चिकटलंच. आजही मारुती रोडवर मागून कुणीतरी तसं ओरडतं. तो थांबून मान हलवतो. एका प्रायोजकानं कार्यक्रम सोडला. दुसऱ्या एका वाहिनीनं माफीची चित्रफीत कापून, फक्त “माझं चुकलं” एवढंच दाखवलं.

त्याची भीती मात्र खरी ठरली नाही. २०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा इशारा पातळीच्या आसपास आलं, तेव्हा आमच्याकडचे फोन कमी झाले नव्हते. फोनची जात बदलली होती. पूर्वी लोक विचारायचे, “दादा, वाढेल का?” आता ते सांगायला लागले होते: आमच्या पायरीला लागलंय, आमच्या गोठ्यामागं आलंय.

सरकारी पंचनाम्याची मदत वस्तीला मिळाली. आमच्याकडून किटशिवाय काही गेलं नाही. निवेदकानं मशीनचे पैसे देऊ केले होते, सुनेनं घेतले नाहीत.

आज काय वेगळं करीन

टॉकबॅकचं बटण दाबीन. ते त्या रात्रीचं झालं. पण खरा क्षण त्याच्या दीड वर्ष आधीचा होता, पत्रकार दिनाच्या दुपारी, जेव्हा तो तयारीला आला नाही आणि मी म्हणालो, “असू दे, आज त्याचा दिवस आहे.” तेव्हा त्याला फोन करून बोलवायला हवं होतं. तो आला असता. तेव्हा तो अजून ऐकत होता.

किट घेऊन कॅमेऱ्यासह जायला नको होतं. आधी माफी, मग मदत, आणि मदत कॅमेऱ्याशिवाय. क्रम उलटा केल्यामुळं मावशींना त्यांचा हक्काचा प्रश्न रांगेत उभं राहून, हातात किट धरून विचारावा लागला. ही बोच माझी अजून गेलेली नाही.

मशीनचं नुकसान वाहिनीनं भरून द्यायला हवं होतं, निवेदकानं खिशातून नव्हे. चूक वाहिनीवरून गेली होती आणि जाहिरातींचं उत्पन्नही वाहिनीलाच येत होतं. मी हा मुद्दा बैठकीत काढलाच नाही.

एका गोष्टीवर माझं मत अजून ठरत नाही: चित्रफीत माफीच्या वेळी पुन्हा दाखवायला हवी होती का? दाखवली असती तर काहीच लपलं नसतं. पण मावशींचा तुटलेला आवाज त्यांना न विचारता परत शहरभर गेला असता. आम्ही नाही दाखवली. त्यांना विचारायला हवं होतं, एवढं मात्र नक्की.

२०२४ च्या त्या जुलैत एका रात्री थेट प्रक्षेपणात कुणीतरी त्याला विचारलं, “दादा, आज सामान हलवू का नको?” तो म्हणाला, “मला माहीत नाही. भिलवडीचा आकडा नऊला येईल, तो वाचतो. तोवर नाल्याकाठचा फोन लावू या.” वहीतला पहिला नंबर मावशींचा आहे. त्या आमचं बातमीपत्र बघत नाहीत, पण फोन उचलतात. त्या दिवशीही उचलला आणि म्हणाल्या, “थांब, बॅटरी घेऊन बघून येते.” तो थांबला. पडद्यावर पाऊण मिनिट नुसता पावसाचा आवाज होता.